सरकून घ्या: हॅम रेडिओत जागा कशी मोजतात

मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकापाशी चौथा माणूस येतो आणि एवढंच म्हणतो, "जरा सरकून घ्या." चौथी सीट रेल्वेने दिलेली नाही, तिच्यावर कुणाचं नाव नाही, तरी तिघं सरकतात आणि चौथा अर्धा लटकत का होईना, बसतो. भांडणं दोनच कारणांनी होतात. एक तर कुणी पाय फाकवून दोघांची जागा अडवतो, नाहीतर कुणी म्हणतो, "ही माझी रोजची जागा आहे."

हॅम रेडिओचे म्हणजे हौशी रेडिओचे, परवाना काढून आपापल्या ट्रान्समीटरवरून एकमेकांशी बोलणाऱ्यांचे, जवळजवळ सगळे तंटे याच दोन प्रकारांत बसतात. पाय फाकवण्याला तिथे बँडविड्थ म्हणतात. आणि रोजच्या जागेच्या हट्टापायी दुसऱ्याच्या मांडीवर बसण्याला इंटरफिअरन्स, आपल्या भाषेत व्यत्यय.

आधी बाक केवढा आहे ते बघू. आपल्याकडे परवाना घेतलेले हॅम, ज्यांची हाक-संज्ञा (कॉल साइन, म्हणजे हवेतलं नाव) व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होते, सर्वात जास्त बोलतात ते ४० मीटरच्या बँडवर. बँड म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा, आणि ४० मीटर ही इथल्या लहरीची साधारण लांबी. हा बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एकूण २०० किलोहर्ट्झ. दिवसा यात महाराष्ट्र आणि शेजारची राज्यं असतात, सूर्य मावळला की हळूहळू निम्मा आशिया येऊन बसतो. तुलनेसाठी सांगतो, गाणी लावणारं एक, फक्त एक, एफएम स्टेशन हवेत साधारण तेवढीच जागा खातं. म्हणजे सगळ्या देशातल्या हॅम मंडळींचा हा लाडका बँड एका आरजेच्या बडबडीएवढा आहे.

आता पहिला गैरसमज. "आमचं स्टेशन अमुक अंकावर लागतं" असं आपण म्हणतो, त्यामुळे फ्रिक्वेन्सी म्हणजे पट्टीवरचा एक बिंदू असं वाटतं. तशी ती नसते. एकच सूर, न थांबता, न बदलता वाजत राहिला तर तो जवळपास बिंदूएवढा अरुंद असतो; पण तो काही सांगतही नाही. काही सांगायचं तर त्यात बदल करावा लागतो. चालू-बंद करा, उंच-नीच करा, मोठा-लहान करा. बदल केला की सिग्नल दोन्ही बाजूंना पसरतो, आणि बदल जितका वेगाने तितका पसारा जास्त. रुंदी ही माहितीची किंमत आहे. ती चुकवल्याशिवाय कुणाला काही बोलता येत नाही, पण घासाघीस करता येते, आणि हॅम लोकांनी गेली शंभर वर्षं हीच घासाघीस केली आहे.

सुरुवातीचे ठिणगीचे ट्रान्समीटर या बाबतीत भयानक होते. ठिणगी उडवायची आणि तिचा जो काही गदारोळ होईल तो हवेत सोडायचा. एकाने संदेश पाठवला की आसपासच्या सगळ्यांनी गप्प बसायचं. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर अमेरिकेने रेडिओचा कायदा केला आणि हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर हाकललं, कारण त्या लहरी निरुपयोगी आहेत असा तेव्हाच्या जाणत्यांचा समज होता. ही हाकललेली मंडळी त्याच लहरींशी खेळत बसली, आणि १९२३ च्या नोव्हेंबरात ११० मीटरच्या आसपास अमेरिका आणि फ्रान्समधले हौशी अटलांटिकच्या आरपार एकमेकांशी बोलले. मग त्या निरुपयोगी लहरींसाठी सगळ्यांचीच रांग लागली. असो.

माणसाच्या बोलण्यातला कामाचा भाग साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये असतो. जुन्या एएम पद्धतीत हा आवाज मधल्या वाहक लहरीच्या, म्हणजे तो वाहून नेणाऱ्या मूळ सुराच्या, दोन्ही अंगांना उमटतो, त्यामुळे ६ किलोहर्ट्झ जागा लागते. पण डाव्या अंगाला जे आहे तेच आरशातल्यासारखं उजव्या अंगाला. मग एक अंग कापून टाकलं तर? आणि काहीच न बोलणारी मधली वाहक लहरही? उरतं ते एसएसबी, म्हणजे एकाच बाजूचा पट्टा. जागा लागते २.४ ते २.८ किलोहर्ट्झ. आवाज थोडा बदकासारखा येतो, पण २०० किलोहर्ट्झच्या बाकावर एएमचे ३३ जण मावत होते तिथे ७० च्या वर मावतात. हातातल्या वॉकी-टॉकीवरचं एफएम याउलट ऐकायला गोड, पण खर्चिक: ५ किलोहर्ट्झचं डेव्हिएशन (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी एका बाजूला जितकी हलते ते) आणि ३ किलोहर्ट्झचा आवाज धरला तर १६ किलोहर्ट्झ. म्हणून ते वरच्या, ऐसपैस बँडवर चालतं, १४४ मेगाहर्ट्झला. ४० मीटरवर कुणी एफएम लावलं तर अख्ख्या बाकावर बाराच जण बसतील.

मोर्सला, म्हणजे ठिपके आणि रेघांच्या लिपीला, १०० ते १५० हर्ट्झ पुरतात. आणि हल्लीचं एफटी८, जिथे दोन कॉम्प्युटर एकमेकांना पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने चार शब्द पाठवतात, ते फक्त ५० हर्ट्झमध्ये भागवतं: ६.२५ हर्ट्झच्या अंतराने मांडलेले आठ सूर, एवढाच त्याचा संसार. एका माणसाच्या बोलण्याच्या जागेत एफटी८ चे पन्नासएक जण शेजारी शेजारी बसतात. ७.०७४ मेगाहर्ट्झला रेडिओ लावा, त्यांची किणकिण ऐकू येईल. जुने हॅम याला गप्पा म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात, आणि ते अगदीच चूक नाही. पण जागेचा हिशोब मांडायला बसलो तर या मंडळींइतका काटकसरी कुणी नाही.

नव्या परवानाधारकाची हमखास होणारी चूक इथेच सांगून टाकतो. रेडिओच्या पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे तुमचा सिग्नल नव्हे. तो सिग्नलची एक कड आहे. १० मेगाहर्ट्झच्या वरच्या बँडवर एसएसबीत वरची बाजू वापरायचा प्रघात आहे. २० मीटरचा बँड १४.३५० ला संपतो. पडद्यावर १४.३४९ दिसतंय म्हणून तुम्ही निर्धास्त बोलायला लागलात, तर तुमचा आवाज १४.३५२ च्या आसपास जाऊन पोचतो, म्हणजे बहुतेक सगळा बँडच्या बाहेर, दुसऱ्याच्या वावरात. १४.३४७ ही तुमची शेवटची पायरी. ४० मीटरवर खालची बाजू वापरतात, म्हणून तिथे हिशोब उलटा: ७.२०० वर बोललात तर सिग्नल आत राहतो, पण ७.००१ वर बोललात तर तो तळातून बाहेर सांडतो.

कागदावरची रुंदी ही सभ्य माणसाची रुंदी. प्रत्यक्षात माइकचा गेन पिळून ठेवणारे खूप. लांब ऐकू जावं म्हणून माइक वाढवायचा, वर शक्ती वाढवणारा लिनियर ॲम्प्लिफायर क्षमतेच्या बाहेर ताणायचा. मग लहरींची डोकी कापली जातात, आणि ज्या लहरीचं डोकं कापलं तिच्यातून नको ते सूर निपजतात. २.८ किलोहर्ट्झचा माणूस ८-१० किलोहर्ट्झ अडवून बसतो. हॅम भाषेत याला स्प्लॅटर म्हणतात. सडा, असंही म्हणता येईल, फक्त मंगल नव्हे. मोर्सवाल्यांतही हा दोष असतो: ठिपका किंवा रेघ फार झटक्यात सुरू आणि बंद झाली तर दोन्ही अंगांना टक टक असे तडे उडतात, त्याला की क्लिक म्हणतात. गंमत म्हणजे या ताणण्याने लांबच्या माणसाला काहीच जास्त ऐकू येत नाही. शेजारच्याला मात्र सगळं येतं.

कायदा हे कसं पकडतो? अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या, म्हणजे एफसीसीच्या, हौशी रेडिओच्या नियमांत रुंदीची व्याख्या दिली आहे: ज्या पट्ट्याच्या बाहेर तुमची शक्ती आतल्यापेक्षा किमान २६ डेसिबलने कमी, म्हणजे साधारण चारशेव्या हिश्शाएवढीच, भरते, तेवढा पट्टा तुमचा. आणि मग एक छान सैलसर वाक्य आहे: जी माहिती पाठवायची आहे आणि ज्या पद्धतीने पाठवायची आहे, तिला लागते त्यापेक्षा जास्त जागा अडवू नये, चांगल्या हौशी रिवाजाला धरून. चांगला रिवाज म्हणजे काय, ते मात्र नियमात कुठेही लिहिलेलं नाही. मला हे आवडतं. घरात पाहुणे आले की मुलांनी कसं वागावं याचीही यादी नसते.

पण रिवाजावर भागत नाही तिथे आकडा लागतो. आणि चुकीची गोष्ट मोजणारा आकडा किती वर्षं छळू शकतो, याचं उत्तम उदाहरणही अमेरिकेतलंच आहे.

१९८० मध्ये एफसीसीने हौशी लोकांना कॉम्प्युटरची आस्की लिपी हवेतून पाठवायला परवानगी दिली. ४० मीटर ज्यात येतो त्या शॉर्टवेव्हवरची जागा थोडी, म्हणून सोबत वेसण घातली: वेग ३०० बॉडच्या वर नको. बॉड म्हणजे सेकंदाला किती वेळा सिग्नल बदलतो, किती 'चिन्हं' पडतात. वर म्हटल्याप्रमाणे बदल जितका वेगाने तितका पसारा जास्त, म्हणून बदलाचा वेग बांधला की पसारा आपोआप बांधला जाईल, असा विचार. तेव्हाच्या मोडेमना तो लागू होता. ते एका वेळी एकच सूर वाजवायचे.

मग लोक हुशार झाले. एकाच सुराने वेगात बोलायचं नाही ना, ठीक आहे, अठरा सूर एकदम लावू आणि प्रत्येकाला सावकाश बोलू देऊ. पॅक्टर-३ नावाची पद्धत हेच करते: अठरापर्यंत सूर, प्रत्येक १०० बॉडचा, मिळून सुमारे २.४ किलोहर्ट्झ रुंद. ३०० च्या आत, म्हणून अमेरिकेत कायदेशीर. पुढे पॅक्टर-४ आलं. तेही २.४ किलोहर्ट्झच रुंद, पण एकच वाहक लहर, १८०० बॉडने. बाकावर तेवढीच जागा आणि जवळपास दुप्पट निरोप. ते मात्र तेव्हा बेकायदा! म्हणजे लोकलमध्ये तिकीट तपासनीसाने बसणाऱ्याची रुंदी न बघता तो किती भरभर बोलतो ते मोजावं, आणि मराठी भरभर बोलणाऱ्याला खाली उतरवावं, तसा प्रकार.

उलट बाजूला भगदाड होतं ते वेगळंच. शॉर्टवेव्हवरच्या डेटाला वेगाची मर्यादा होती, पण किलोहर्ट्झमध्ये मोजलेली रुंदीची मर्यादा नव्हती. तेव्हा कुणी ३०० बॉडचे पन्नास सूर शेजारी शेजारी मांडून बसला असता, तर मोर्सवाल्यांचा अख्खा कोपरा त्याने व्यापला असता आणि बॉडच्या कलमात तो सापडला नसता. तसं कुणी केलं नाही, ही त्या चांगल्या रिवाजाची कृपा.

व्यवहारात चटके बसायचे ते वादळांत. चक्रीवादळाने मोबाइलचे मनोरे आडवे झाले की हॅम मंडळी शॉर्टवेव्हवरून याद्या, निरोप, औषधांच्या मागण्या ईमेलसारख्या पाठवतात, आणि तिथे दुप्पट वेग म्हणजे दुप्पट काम. २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्तो रिकोची दैना केली तेव्हा एफसीसीने पॅक्टर-४ ला तात्पुरती सूट दिली. पुढच्या वादळांतही असंच: दरवेळी अर्ज, दरवेळी काही दिवसांची मोकळीक, मग पुन्हा बंदी. जी गोष्ट संकटात चालते ती एरवी का चालत नाही, याला कुणाकडे उत्तर नव्हतं.

अमेरिकेतल्या हॅमची मोठी संघटना, एआरआरएल, हिने २०१३ मध्येच अर्ज केला होता: बॉड काढा, २.८ किलोहर्ट्झ रुंदी घाला. २०१६ मध्ये एफसीसीने उलटंच सुचवलं: बॉड काढतो, पण रुंदीची मर्यादाही नको, लोक सांभाळून घेतील. यावर हॅमच हॅमशी भांडले, आणि ते भांडण मूर्खपणाचं नव्हतं. मोर्सवाल्यांचं म्हणणं असं की बँडच्या ज्या तुकड्यात आम्ही १५० हर्ट्झमध्ये संसार करतो, तिथेच ही डेटाची स्टेशनं येतात. त्यातली कित्येक आपोआप चालतात, समोर माणूस नसतो. यंत्राला कुणी बोलावलं की ते लगेच उत्तर देऊ लागतं. त्या जागेवर आधीच कुणी कुजबुजतंय का, हे ते माणसासारखं कान देऊन ऐकत नाही. रुंदीलाही धरबंध नसेल तर आम्ही कुठे जायचं? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, चाळीस वर्षांपूर्वीच्या मोडेमसाठी केलेला नियम आजच्या प्रयोगांच्या पायात बेडी का?

नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल लागला. ३०० बॉड गेलं, २.८ किलोहर्ट्झ आलं, आणि ८ जानेवारी २०२४ पासून लागू झालं. आकडा तोच, जो एआरआरएलने दहा वर्षांपूर्वी मागितला होता. २.८ च का? कारण एसएसबीवर नीट बोलणारा माणूस साधारण तेवढीच जागा घेतो. डेटा असो वा आवाज, बाकावर एका माणसाएवढं बसा, आत काय करायचं ते करा. माझ्या मते हाच शहाणपणा १९८० मध्ये सुचायला हवा होता. पण तेव्हा एक अधिक एक किती सूर होतील, हे कुणाला दिसत नव्हतं, हेही खरं. माणूस नसलेल्या यंत्रांची तक्रार मात्र या निकालाने मिटलेली नाही, कारण ती रुंदीची तक्रारच नव्हती.

ती व्यत्ययाची होती. आणि व्यत्ययाला आकडा लावणं फार अवघड.

मूळ तत्त्व सोपं आहे: हौशी बँडमधली कुठलीही फ्रिक्वेन्सी कुणाच्याही नावावर नाही. अमेरिकेच्या नियमांत हे स्पष्ट शब्दांत आहे, आणि जगभरचा रिवाज तोच आहे. वीस वर्षं रोज सकाळी एकाच ठिकाणी नेट भरवणारे लोक असतात. 'नेट' म्हणजे ठरलेल्या वेळी हजेरी लावून चाललेली गप्पांची पंगत. या पंगतीच्या वेळी त्या जागेवर दुसरे दोघं आधीच बोलत असतील, तर पंगतीने दोन-तीन किलोहर्ट्झ सरकायचं. हक्क म्हणून हाकलता येत नाही. विनंती करता येते, आणि बहुतेक जण ती मानतात, चौथ्या सीटसारखंच. हे नेट चालवणाऱ्यांना पटवणं किती कठीण असतं, ते ज्याने प्रयत्न केला त्यालाच ठाऊक.

नवख्या माणसाला पहिला धडा देतात: बोलण्याआधी ऐक. दुसरा: ऐकून शांत वाटलं तरी विचार. मोर्समध्ये त्यासाठी तीन अक्षरं आहेत, क्यूआरएल, पुढे प्रश्नचिन्ह. तोंडी विचारायचं, "ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?" मग थांबायचं, पुन्हा विचारायचं. हा नुसता शिष्टाचार वाटतो, पण यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. संध्याकाळी ४० मीटरवर पुण्यातल्या माणसाला दिल्ली ठणठणीत ऐकू येते आणि मुंबई अजिबात येत नाही. कारण लहरी वरच्या आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थराला, आपटून परत येतात, आणि अंधार पडू लागला की जवळजवळ सरळ वर गेलेल्या लहरी परत न येता निसटून जातात. तिरप्या गेलेल्याच लांब जाऊन उतरतात. मधला पट्टा मुका. समजा मुंबईचा हॅम दिल्लीशी बोलतोय. मुंबईवाल्याची बोलायची पाळी असताना पुण्याच्या हॅमने कान लावला, तर त्याला शांतता. त्याने बोलायला सुरुवात केली की दिल्लीवाल्याच्या कानात मुंबईवर पुणं चढलं. कुणाचाच हेतू वाईट नाही. विचारलं असतं तर दिल्लीवाला म्हणाला असता, "हो, वापरात आहे, कृपया क्यूएसवाय," म्हणजे सरका. म्हणून नुसतं ऐकणं पुरत नाही.

म्हणूनच कायदा हेतूकडे बघतो. अमेरिकेत बंदी आहे ती जाणूनबुजून किंवा दुष्टपणे केलेल्या व्यत्ययावर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, म्हणजे आयटीयूच्या, रेडिओ नियमावलीत 'घातक व्यत्यय' अशी वेगळी पायरी आहे: जो विमान-जहाजांच्या दिशादर्शनाला किंवा जिवाच्या सुरक्षेच्या सेवांना धोका आणतो, अथवा नियमाने चाललेली दुसरी रेडिओसेवा गंभीरपणे बिघडवतो, अडवतो किंवा वारंवार तोडतो, तो. गर्दीच्या स्पर्धेच्या शनिवार-रविवारी शेजाऱ्याचा आवाज थोडा सांडला, तर त्याला कुणी घातक म्हणत नाही. फिल्टर अरुंद करा, थोडं सरका, संपलं.

एका बाबतीत मात्र सरकणं ऐच्छिक नाही. आणीबाणीचा निरोप चालू असेल तर सगळ्यांनी जागा सोडायची. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक हॅम चमू पोर्ट ब्लेअरला होता. अंदमानातून हौशी प्रसारण फार दुर्मिळ, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी एकदा तरी संपर्क व्हावा म्हणून झुंबड करत होते. २६ तारखेला सुनामी आली. तोच रेडिओ, तोच अँटेना, पण आता निरोप वेगळे: कोण सुखरूप, कोण बेपत्ता. जी गर्दी आदल्या दिवशी एकमेकांवर चढून हाका मारत होती, तिने आता कान द्यायचे आणि तोंड मिटायचं होतं.

काही जागा अशाही आहेत ज्या बाहेरून रिकाम्या दिसतात पण नसतात. १४.१०० मेगाहर्ट्झ घ्या. तिथे जगभरातली अठरा बीकन स्टेशनं दहा-दहा सेकंदांची पाळी घेतात. तीन मिनिटांत एक फेरी पुरी होते. त्यात आपल्याला जवळचं म्हणजे श्रीलंकेचं. प्रत्येक बीकन आधी १०० वॉट, मग १०, मग १, मग ०.१ वॉट असा उतरता सूर लावतं, आणि त्यावरून आज कुठल्या दिशेला रस्ता उघडा आहे ते कळतं. तिथे कुणी गप्पा मारायला बसला तर एका माणसाला नव्हे, शेकडो ऐकणाऱ्यांना त्रास होतो, आणि त्यांच्यापैकी कुणीच बोलत नसल्याने ओरडायलाही कुणी नसतं. बँड प्लॅन यासाठीच: खाली मोर्स, मग डिजिटल, वर आवाज, मध्येमध्ये अशा राखीव चिंचोळ्या गल्ल्या. भारत आयटीयूच्या ज्या तिसऱ्या विभागात येतो तिथला आराखडा हौशींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएआरयूने, ठरवला आहे. अमेरिकेने मात्र असे तुकडे कायद्यातच पाडलेत. ४० मीटरवर तिथल्या हॅमला ७.१२५ च्या खाली तोंडाने बोलता येत नाही.

आतापर्यंत सगळं भाऊबंदकीचं. बाकावर परकेही असतात. आयटीयूच्या तक्त्यात प्रत्येक पट्ट्याला कुणी प्राथमिक मालक, कुणी दुय्यम. दुय्यमाने प्राथमिकाला त्रास द्यायचा नाही, आणि प्राथमिकाकडून झालेला त्रास मुकाट सोसायचा. भाडेकरूच म्हणा ना, पागडीही न भरलेला. ४३० मेगाहर्ट्झच्या वरच्या, ७० सेंटिमीटरच्या बँडवर हॅम दुय्यम आहेत आणि रडार प्राथमिक. २००७ मध्ये अमेरिकेत केप कॉड आणि कॅलिफोर्नियातल्या बील इथल्या लष्करी रडारना हॅम रिपीटरचा (सिग्नल पकडून तो पुन्हा जोरात पाठवणाऱ्या केंद्रांचा) त्रास होतोय असं दिसलं, आणि अनेक रिपीटरना शक्ती कमी करा नाहीतर बंद करा, असं सांगण्यात आलं. वर्षानुवर्षं चाललेले रिपीटर होते, पण वहिवाट इथे चालत नाही.

४० मीटरची कथा याच्या उलट, चक्क जिंकल्याची. आपल्या भागात पूर्वी हॅमना ७.१०० पर्यंतच जागा होती. त्याच्या वर परदेशी रेडिओ केंद्रं शेकडो किलोवॉटने गर्जत असायची. २००३ च्या जिनिव्हा परिषदेत ठरलं की ७.१०० ते ७.२०० प्रसारकांनी सोडायचं, आणि मार्च २००९ अखेर त्यांनी ते सोडलं. बाक एका दिवसात दुप्पट झाला. अमेरिकेतल्या हॅमना ७.३०० पर्यंत जागा आहे, पण ७.२०० च्या वर आशिया-युरोपचे प्रसारक आजही आहेत, त्यामुळे ती रात्रीची जागा नावालाच. आणि परका अगदीच बेमुर्वत असेल तर कुठलाही तक्ता कामाला येत नाही: १९७६ पासून १९८९ पर्यंत चेर्नोबिलजवळच्या सोव्हिएत रडारने सेकंदाला दहा ठोके मारत जगभरच्या शॉर्टवेव्हवर सुतारपक्ष्यासारखी टकटक केली. लोकांनी तक्रारी केल्या, रेडिओ बनवणाऱ्यांनी ती टकटक गाळणारी बटणं बसवली. रडार आपल्या वेळेने थांबलं.

शेवटचा शेजारी भिंतीपलीकडचा. ट्रान्समीटर आपल्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट जागीही थोडा सांडतो, त्याला हार्मोनिक म्हणतात. २१ मेगाहर्ट्झची तिप्पट ६३, आणि गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्या होत्या त्या काळात टीव्हीचा ४ नंबरचा चॅनेल ६१ ते ६८ मेगाहर्ट्झमध्ये बसायचा. हॅमने १५ मीटरवर तोंड उघडलं की खालच्या मजल्यावर बातम्यांत मुंग्या. हे पाप हॅमचं, आणि उपाय त्यानेच करायचा: ट्रान्समीटरपुढे लो-पास फिल्टर, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देणारी आणि वरच्या अडवणारी चाळणी. अमेरिकी नियमाप्रमाणे नव्या शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरची अशी सांडलवंड मूळ शक्तीपेक्षा किमान ४३ डेसिबलने कमी हवी. म्हणजे १०० वॉट हवेत गेले तर सांडलेलं ५ मिलिवॉटच्या आत.

पण शेजारच्या काकू जेव्हा सांगतात की तुमचा आवाज आमच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून येतो, तेव्हा दोष बहुधा स्पीकरचा असतो. त्याची वायरच अँटेना होते आणि आतला स्वस्त ॲम्प्लिफायर रेडिओ नसूनही रेडिओसारखा वागतो. फ्रिक्वेन्सी बदलली तरी आवाज येतच राहिला, तर समजावं की सिग्नल शुद्ध आहे, ऐकणारं यंत्र कच्चं. वायरीला फेराइटचं कडं घातलं की बहुतेक वेळा भागतं. कायद्याने ते कडं काकूंनी आणायचं की हॅमने, हा वाद घालत बसू नये. पन्नास-शंभर रुपयांचं कडं स्वतः नेऊन द्यावं आणि चहा घेऊन यावं.

हल्ली वारं उलटं वाहतंय. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर, सगळ्यांच्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे सर्किट असतात, आणि वर सांगितलंच आहे, झटक्यात चालू-बंद केलं की पसारा होतो. शहरातल्या इमारतीत ४० मीटर लावला की बँडभर एक सलग घरघर येते, आणि तिच्याखाली बारीक आवाजाची स्टेशनं गाडली जातात. ती कुठून येते हे शोधायचा एक जुना उपाय आहे: बॅटरीवर चालणारा मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर घ्यायचा, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावायचा आणि घरघर वाढते त्या दिशेने चालत जायचं. मी मागच्या पावसाळ्यात तो घेऊन तीन मजले फिरलो. जिन्यातले दिवे तपासले, लिफ्टच्या खोलीपाशी कान लावला, वॉचमनच्या खुर्चीमागचा बोर्ड बघितला, सोसायटीच्या सेक्रेटरींना द्यायच्या पत्राचा मजकूरही मनात तयार होता. घरघर सर्वात मोठी आली ती माझ्याच टेबलापाशी, रेडिओच्या शेजारी लावलेल्या माझ्याच लॅपटॉपच्या चार्जरला.